नऊ किलोंचं गेट

आमच्या घरात चार इंजिनियर आहेत. सासरे मेकॅनिकल, नवरा सॉफ्टवेअर, दीर इलेक्ट्रिकल आणि मी सिव्हिल. सासूबाई बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या, त्यामुळे घर चालतं.

बाळ नऊ महिन्यांचं झालं आणि रांगत जिन्यापर्यंत पोचायला लागलं. त्याला आम्ही साहेब म्हणतो. तो कुठेही शिरतो, सगळ्याला हात लावतो, काम काही करत नाही आणि सगळे त्याच्यामागे पळतात, म्हणून. झोपायच्या खोल्या वर, स्वयंपाकघर खाली, मधे सतरा पायऱ्या. त्या सतरा पायऱ्यांवरून साहेब किती प्रकारे पडू शकतो याची यादी माझ्या डोक्यात तयार होती. बाळंतपणानंतर माझी झोप कमी झाली आणि कल्पनाशक्ती वाढली. रात्री कूस बदलताना यादीत एखादा नवा प्रकार जमा व्हायचा, आणि सकाळी तो नवऱ्याला सांगितला की तो म्हणायचा, "अगं, इतकं अवघड पडणं त्याला अजून जमणार नाही."

म्हणून जिन्याच्या वरच्या तोंडाशी गेट बसवायचं ठरलं. दुकानात जाऊन तयार गेट आणणारी माणसं जगात असतात. ती सुखी असावीत.

त्याच सुमारास माझ्या इंजिनियरकीच्या लायसन्सच्या मुलाखतीची तारीख आली होती. तिसरी तारीख. पहिल्या वेळी मला नववा महिना होता, दुसऱ्या वेळी साहेब चार दिवसांचे होते. दोन्ही वेळा मी पत्र पाठवून मुदत मागितली आणि लायसन्स देणाऱ्या मंडळानं ती दिली. तिसऱ्या पत्राखाली मात्र ठळक अक्षरांत लिहिलं होतं की यावेळी गैरहजर राहिल्यास फाईल बंद होईल आणि लेखी परीक्षेपासून सुरुवात करावी लागेल.

घरातल्या पुरुषांना यातलं गांभीर्य कळायला जरा वेळ लागला, कारण घरात इंजिनियरकीचं लायसन्स कोणाकडेच नाही. सासऱ्यांच्या कारखान्यात सही मोठ्या साहेबांची असायची. नवऱ्याच्या धंद्यात सहीच नसते, फक्त "मला मान्य आहे" असं लिहिलेली चौकट असते आणि ती गिऱ्हाइकानं टिचकवायची असते. दीर सरकारी वीज खात्यात आहे, तिथे सह्या इतक्या असतात की नक्की कोणाची हे शेवटपर्यंत कळत नाही. मी आठ वर्षं बिल्डिंगांचे हिशेब करते आहे, तुळया, खांब, पाया, सगळं. खाली सही करतो आमचा बॉस. तो कागद बघतो की नाही हे मला माहीत नाही, पण सही करताना तो फोनवर बोलत असतो हे माहीत आहे. लायसन्स मिळालं तर दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासून देण्याचं काम मला घरी बसून करता येणार होतं, स्वतःच्या सहीनं. नाही मिळालं तर पुढच्या महिन्यापासून सकाळी आठ ते संध्याकाळी सात ऑफिस, आणि साहेब कोणाच्या तरी कडेवर. एवढं साधं गणित होतं.

गेटची पहिली बैठक जेवणाच्या टेबलावर झाली. जेवण बाजूलाच राहिलं. बाबा, म्हणजे माझे सासरे, निवृत्त झाल्यापासून इतके खूष मी त्यांना पाहिले नव्हते. त्यांनी मोठा कागद पसरला, पेन्सिलीला टोक काढलं आणि जाहीर केलं की गेट ही हलणारी वस्तू आहे, म्हणून ते मेकॅनिकलचं काम. दीर म्हणाला, कुलूप विजेवर चालणार असेल तर ते इलेक्ट्रिकलचं. नवरा म्हणाला, कुलूप फोनवरून उघडणार, म्हणजे खरं काम त्याचं, बाकी सगळं लोखंड.

मग नेहमीचा विषय सुरू झाला, कोणाची विद्या खरी. आमच्याकडे तो दर आठवड्याला निघतो आणि कधीच संपत नाही. बाबांचं म्हणणं असं की त्यांचं यंत्र बिघडलं तर आधी आवाज करतं, माणसाला सावध करतं. विजेला ती सभ्यता नाही. दीर म्हणाला, त्यांच्या खात्यात चुका सगळ्यांत कमी, कारण चुकणारा माणूस दुसऱ्यांदा चुकायला उरत नाही. नवऱ्याकडे बघून बाबा म्हणाले, "आणि हे आमचे चिरंजीव. ह्यांचं बिघडलं की हे म्हणतात, बंद करून परत चालू करा. मी बॉयलरला असं म्हटलं असतं तर तुझा जन्म झाला नसता."

"आणि वहिनीचं?" दिरानं विचारलं.

"सूनबाईंचं बिघडलं की पेपरात येतं," बाबा म्हणाले. "म्हणून तर तिला लायसन्स लागतं आणि तुम्हाला नाही."

सासूबाई ताटं आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "चार शिकलेली माणसं आणि एक फाटक. मी चार पोरं एका रात्रीत बाहेर काढलीत, एवढी चर्चा नाही केली." मग त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातातलं पेन काढून तिथे चमचा दिला.

आकड्यांचं जे झालं ते मी नंतर कागदावर शोधून काढलं, तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. साहेबांचं वजन नऊ किलो. नवऱ्यानं हिशेबाला सोपं म्हणून दहा लिहिलं. दिरानं तो दहा वाचला, पोरगं धावत येऊन आदळणार म्हणून दुप्पट केला आणि वीस लिहून कागद पुढे सरकवला. बाबांनी वीसला एका पोराचं वजन समजून, उद्या पाहुण्यांची पोरं येतील, तिघं एकदम लोंबकळतील म्हणून साठ केले, आणि कारखान्याच्या सवयीनं त्याचे एकशेवीस. मग कागद माझ्याकडे आला. मी आई आहे. मी दोनशे चाळीस केले.

प्रत्येकाला वाटलं, आपल्या हातात आलेला आकडा खरा आहे आणि सुरक्षिततेचा गुणाकार आपणच पहिल्यांदा करतोय. नऊ किलोंच्या बाळासाठी दोनशे चाळीस किलोंचं गेट. एखादा म्हातारा बैल टेकून उभा राहिला असता तरी चाललं असतं.

बाकीचे निर्णयही तसेच झाले. आडव्या पट्ट्या नकोत, साहेब त्यांवर चढतील, हे मी म्हटलं. उंची दीड मीटर हवी, कारण मुलं वाढतात, हेही मीच म्हटलं. बाबांनी बाहेरून किल्लीची सोय दाखवली होती. मी म्हटलं, किल्लीचं भोक म्हणजे बोट अडकणार. बाबांनी भोक खोडलं. मग दिरानं विचारलं की वीज गेली तर कडी उघडी राहावी की बंद. नवरा म्हणाला उघडी, दीर म्हणाला बंद, बाबा म्हणाले दोन्हीला आपापली कारणं आहेत. तिघांनी माझ्याकडे बघितलं.

"बंद," मी म्हणाले. "वीज गेली म्हणून पोरगं जिन्यावर सोडायचं का?"

दीर हसून म्हणाला, "तशी वेळ येणार नाही, वहिनी. वीज मी आहे."

बाबांनी त्यांच्या जुन्या वर्कशॉपमधल्या वेल्डरकडून गेट करून आणलं. चाळीस किलो भरलं. दोन माणसांनी वर चढवलं, तेव्हा त्यातला एक जण विचारत होता की वर काय पाळलंय. बाबांनी स्वतः भिंतीत भोकं पाडली, बोटाएवढे जाड चार बोल्ट बिजागरीच्या बाजूला ठोकले, एकेक पान्यानं आवळला आणि मागे सरकून कपाळ पुसलं. मला म्हणाले, "हे आता बिल्डिंग पडली तरी राहील बघ."

मी भिंतीकडे बघत होते. बोल्ट जाड होते, लोखंड जाड होतं, वेल्डिंग सुरेख होतं. भिंत मात्र पोकळ ब्लॉकची होती. खोल्या वेगळ्या करायला घातलेली, चार इंचांची, आतून रिकामी. ड्रिल आत शिरताना आवाज बदलला होता, तो मी ऐकला होता. सगळ्या घरात तो आवाज ओळखणारी मी एकटी. आठ वर्षं मी हेच करत आले आहे, वजन कुठून कुठे जातं ते बघणं. इथे ते दोनशे चाळीस किलो सगळे नीट चालत येऊन त्या पापुद्र्यावर थांबत होते.

बाबा इतके खूष होते. मी म्हटलं, "छान झालंय, बाबा."

तिसऱ्या दिवशी वरच्या बोल्टपाशी केसाएवढी भेग दिसली. आमच्या कामात भेग दिसली की तिच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ मारतात आणि तारीख टाकतात. पुढे गेली तर कळतं. मी रेघ मारली, बारीक, कोणाला दिसणार नाही अशी. दोन दिवसांनी दुसरी, मग तिसरी. साहेबांना मी गेटजवळ फिरकू देत नव्हते, खोलीचं दार लावूनच ठेवायचे. म्हणजे गेट असूनही पोरगं बंद खोलीत आणि मी दारात पहारा देत उभी, हातात मुलाखतीच्या नोट्स. सांगायचं होतं, पण मुलाखतीनंतर सांगू म्हटलं. आत्ता घरात वाद कशाला. असे आठ दिवस गेले.

मुलाखत बाराला होती. मी साडेदहाला तयार झाले. साहेबांना पाजलं, पाळण्यात ठेवलं, खोलीचं दार ओढलं. सासूबाई खालून वर येऊन त्यांना घेणार होत्या. फाईल काखेत घेऊन गेटपाशी आले आणि फोनवर कडी उघडायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. मग लक्षात आलं की पंखा बंद आहे.

दिराला फोन लावला. तो म्हणाला, "दहा ते दोन दुरुस्ती आहे ना. मी ग्रुपवर टाकलं होतं."

टाकलं होतं. माझ्या मुलाखतीला शुभेच्छा देणाऱ्या सव्वीस मेसेजेसच्या मधे कुठेतरी.

मी म्हटलं, दोन मिनिटांसाठी चालू कर, फक्त कडी सरकेपर्यंत. पलीकडून त्याचा आवाज निराळाच आला, घरातला नव्हे. "वहिनी, खांबावर माझी तीन माणसं आहेत."

मी सॉरी म्हणून फोन ठेवला. त्याचं बरोबर होतं. त्याच्याकडे लायसन्स नव्हतं, पण त्या क्षणी ते त्याला शोभलं असतं.

नवऱ्याला फोन केला. तो मीटिंगमधून कुजबुजत म्हणाला की फोन एकदा बंद करून चालू कर. मी फोन ठेवला. बाबा केस कापायला गेले होते आणि त्यांचा मोबाईल खाली टेबलावर वाजत होता, ते मला वरून ऐकू येत होतं.

सासूबाई पायऱ्या चढून आल्या. गेटच्या पलीकडे त्या, अलीकडे मी. चढून पलीकडे जायचं तर दीड मीटरवरून उडी मारून पायरीवर उतरायचं. माझ्या यादीत तो प्रकार आठव्या नंबरला होता.

"किल्ली?" त्यांनी विचारलं.

"मीच नको म्हटलं."

"बरं. आणि वीज गेली की उघडं राहील असं का नाही केलं?"

"तेही मीच."

त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, ते देवाचं नाव नसावं. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "तुझ्याकडे वीस मिनिटं आहेत. रडायचं असेल तर पाच काढून ठेव."

मी रडायला खाली बसले आणि माझे डोळे त्या भेगेच्या बरोबर समोर आले. पेन्सिलीच्या तीन रेघा, तीन तारखा. भेग तिसऱ्या रेघेच्याही पुढे गेली होती.

रडायचं राहिलं. पलंगावरची चादर ओढली, पीळ घातला, बिजागरीच्या बाजूच्या दोन उभ्या सळ्यांभोवती फिरवून गाठ मारली. आईंना, म्हणजे सासूबाईंना, म्हटलं, गेट जिन्याकडे ढकलायचं नाही, माझ्याकडे ढकलायचं, मी सांगेन तेव्हा, आणि सुटलं की लगेच कठड्याला धरायचं. नेसलेली साडी मी गुडघ्यापर्यंत खोचली, खाली बसून दोन्ही पाय गेटच्या बाजूच्या भिंतीला लावले आणि चादर हातांना गुंडाळली. पहिल्या ओढीला काही झालं नाही. दुसऱ्या ओढीला गिलाव्याचा एक पोपडा माझ्या मांडीवर पडला.

"अशी धापा टाकत ओढू नकोस," सासूबाई पलीकडून म्हणाल्या. बत्तीस वर्षं त्या वॉर्डात ज्या आवाजात बोलल्या असतील, तोच आवाज. "श्वास आत घे. धर. हनुवटी खाली. आता लाव जोर."

"आई, मी गेट काढतेय."

"माहितीये. जोर लाव. आलं, आलं, डोकं दिसतंय."

मला हसू आलं आणि हसता हसता मी सगळ्या अंगानं ओढलं, तिकडून त्यांनी खांदा लावला, आणि वरचा बोल्ट ब्लॉकच्या तुकड्यासकट बाहेर आला. मग दुसरा. खालचे दोन आपापले निघाले, जणू वाटच बघत होते. गेट बिजागरीच्या बाजूनं हातभर आत आलं, जमिनीवर टेकलं आणि तिरकं उभं राहिलं. दुसऱ्या बाजूची कडी शेवटपर्यंत बंद होती. तिचं काम तिनं चोख केलं.

त्या फटीतून मी फाईल आधी, मग स्वतः, अशी बाहेर पडले. आई आत शिरल्या, साहेबांना उचलून दार लावून घेतलं. मी जाताना त्यांनी आतून ओरडून सांगितलं की केसांतून कंगवा फिरव. मला वेळ नव्हता.

मंडळाच्या खोलीत तिघं जण होते, मधे एक चष्मा लावलेल्या बाई. मी बाराला सहा मिनिटं कमी असताना खुर्चीवर बसले. स्वतः केलेल्या एखाद्या कामाबद्दल विचारतात, म्हणून शाळेच्या पाण्याच्या टाकीचं एक उत्तर पाठ केलं होतं, सुंदर होतं. बाईंनी फाईल उघडली, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुमच्या केसांत काय आहे?"

"गिलावा," मी म्हणाले.

पुढे लपवण्यासारखं काही उरलं नाही. मी सगळं सांगितलं. नऊचे दोनशे चाळीस कसे झाले ते सांगताना उजवीकडचे गृहस्थ मान खाली घालून खोकत राहिले. खांबावरच्या तीन माणसांपाशी ते खोकायचे थांबले. डोकं दिसतंय, हे मात्र मी गाळलं.

"त्या ड्रॉइंगवर सही कोणाची होती?" बाईंनी विचारलं.

"कोणाचीच नाही. चौघांनी आकडे घातले, जबाबदार कोण ते ठरलंच नाही."

"आणि तुम्ही?"

इथे पाण्याची टाकी संपली. मी म्हटलं, "भिंत पोकळ आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. भेग मी आठ दिवस बघत होते, तारखा टाकत होते. सासरे खूष होते म्हणून बोलले नाही. मुलाला आत कोंडलं, पण बोलले नाही."

"मग आज का सांगताय? आम्हाला कळलं नसतं."

"आज मी त्याच भेगेतून बाहेर आले."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. टाकीबद्दल कोणी विचारलंच नाही.

घरी आले तेव्हा बाबा नव्यानं कापलेल्या केसांनिशी भिंतीसमोर स्टूल टाकून बसले होते. वीज आली होती. ते पेन्सिलीच्या रेघांवर बोट ठेवून तारखा वाचत होते. मला वाटलं, रागावतील.

"आठ दिवस," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"कारखान्यात असं कोणी केलं असतं तर मी त्याला गेटाबाहेर काढला असता." मग म्हणाले, "पण गेट तूच बाहेर काढलंस, त्यामुळे काय बोलणार." आणि स्टूल सरकवून मला बसायला जागा केली. ब्लॉकचं पोकळ पोट त्यांनी मला टॉर्चनं दाखवलं, जणू मला ते नवीनच होतं. मी बघितलं.

पाच आठवड्यांनी लायसन्स आलं. नवऱ्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला, "घरातलं पहिलं लायसन्स" असं लिहून. सासूबाईंनी कपाटातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून टेबलावर त्याच्या शेजारी ठेवलं. नर्स म्हणून नोंदणी, मागे नूतनीकरणाचे शिक्के ओळीनं, एकही तारीख चुकलेली नाही. बत्तीस वर्षं त्या कपाटात होतं. आम्ही चौघं बराच वेळ ते कार्ड एकमेकांच्या हातात देत राहिलो. "त्याच्याशिवाय सुईला हात लावू देत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखं नाही."

बाबांनी आता नवं ड्रॉइंग केलंय. लाकडी गेट, साधी कडी, कमरेएवढं, खाली उजव्या कोपऱ्यात माझ्या सहीसाठी चौकट. मी ते दोनदा परत पाठवलंय. पहिल्यांदा लिहिलं, "भिंत तपासावी." दुसऱ्यांदा, "मुलाचं वजन नऊच धरावं." आता दहा झालंय, तेही दुरुस्त करायला हवं.

मधल्या काळात सासूबाईंनी साहेबांना जिना उतरायला शिकवलं. पोटावर, उलटं, पाय आधी. सतरा पायऱ्या, दर पायरीला थांबून खाली बघतात, मान डोलावतात आणि मग उतरतात. नवरा म्हणतो, मग गेटची गरजच काय.

गरज आहे. ड्रॉइंग तिसऱ्यांदा येऊ दे. सही मी करणार आहे.